उष्णता पंप, संयुक्त

हवा, पाणी किंवा जमीन यांसारख्या कमी तापमानाच्या उगमातून उष्णता घेऊन ती अधिक तापमानाच्या पाण्याला वा खोलीतील हवेला देणाऱ्या यंत्राला उष्णता पंप म्हणतात. घरात पूर्वीपासून असलेले बाष्पित्र, विजेचा जलतापक (गीझर) अथवा सौर जलतापक काढून न टाकता त्याला असा पंप जोडला आणि दोहोंचे काम एका नियंत्रणाखाली वाटून दिले, म्हणजे तो संयुक्त उष्णता पंप होतो. (घरगुती बाष्पित्रात बहुधा वाफ तयार होत नाही, पाणी केवळ तापते; तरीही हेच नाव रूढ आहे.) थंड हवामानाच्या देशांत हा संच घर उबदार ठेवण्यासाठी वापरतात. महाराष्ट्रात घर तापविण्याची गरज क्वचितच भासते; येथे प्रश्न असतो तो स्नानाच्या पाण्याचा. त्यामुळे तत्त्व तेच राहिले, तरी कोणत्या साधनाने केव्हा काम करावे याचे नियम येथे बऱ्याच अंशी उलटतात. पुणे शहराच्या दक्षिण भागात टेकड्यांच्या पायथ्याशी व उतारांवर वसलेल्या बिबवेवाडीसारख्या उपनगरातील गृहनिर्माण संस्थांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

तत्त्व : उष्णता पंपाची रचना प्रशीतकपेटीसारखीच (रेफ्रिजरेटरसारखी) असते. सहज उकळणारा प्रशीतक नावाचा द्रव बाहेरच्या हवेतील उष्णता शोषून वायुरूप होतो; संपीडक तो वायू दाबतो, त्यामुळे त्याचे तापमान वाढते; संघनकात तो आपली उष्णता पाण्याला देऊन पुन्हा द्रवरूप होतो आणि प्रसरण झडपेतून मूळच्या कमी दाबास परत येतो. प्रशीतकपेटीत मागील जाळीतून बाहेर जाणारी उष्णता वाया जाते, येथे तीच हवी असते. वीज खर्च होते ती उष्णता निर्माण करण्यासाठी नव्हे, तर ती खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर चढविण्यासाठी. म्हणून मिळणारी उष्णता खर्च झालेल्या विजेच्या कित्येक पट असते. या पटीला कार्यमान गुणांक म्हणतात.

या गुणांकाची सैद्धांतिक मर्यादा संघनकाचे निरपेक्ष तापमान भागिले दोन्ही टोकांच्या तापमानांतील फरक, एवढी असते. प्रत्यक्षात तिच्या निम्म्याच्या आसपास गुणांक मिळतो. बाहेर २५° से. हवा असेल व प्रशीतक १५° से. ला उकळून ५५° से. ला संघनित होत असेल, तर मर्यादा ३२८ भागिले ४०, म्हणजे ८.२ येते व प्रत्यक्ष गुणांक ४ च्या जवळपास राहतो. याउलट यूरोपातील हिवाळ्यात प्रशीतक −१५° से. ला उकळत असेल आणि जुन्या उष्णता-विकिरकांसाठी (रेडिएटरांसाठी) त्याला ६५° से. पर्यंत चढावे लागत असेल, तर मर्यादाच ४.२ होते आणि प्रत्यक्षात दोनपट उष्णता मिळाली तरी पुष्कळ झाले. चढ जितका कमी तितका पंप काटकसरी, एवढे लक्षात ठेवले तर पुढील बहुतेक विवेचन त्यातूनच निघते.

इतिहास : विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ मध्ये प्रशीतन यंत्राचा उपयोग इमारत तापविण्यासाठी करता येईल, असे दाखविले. ऑस्ट्रियातील पेटर फोन रिटिंगर यांनी त्याच दशकात मिठागरात वाफेची उष्णता पुन्हा वापरणारे यंत्र उभारले. झुरिक येथील नगरभवनात लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप १९३८ पासून चालू झाला. १९७३ च्या तेलसंकटानंतर यूरोपात असंख्य घरांमध्ये तेलाची बाष्पित्रे जागच्या जागी ठेवून त्यांच्या शेजारी पंप बसविण्यात आले. संयुक्त संचाचा प्रसार खऱ्या अर्थाने तेव्हा झाला.

थंड देशांतील जोडणी : तेथे अडचण अशी की, घराला उष्णता सर्वांत जास्त लागते त्या दिवशीच पंपाची शक्ती व गुणांक दोन्ही सर्वांत कमी असतात. वर्षातील मोजक्या गोठवणाऱ्या दिवसांसाठी मोठा पंप घेणे परवडत नाही. म्हणून पंपाची निवड सामान्य हिवाळ्यापुरती करतात व ज्या बाह्य तापमानाला पंपाची शक्ती घराच्या गरजेइतकी होते, त्याखाली बाष्पित्र मदतीला घेतात. या तापमानाला संतुलन तापमान म्हणतात. त्याखाली पंप बंद करून केवळ बाष्पित्र चालविल्यास ती पर्यायी जोडणी आणि दोन्ही साधने एकदम चालविल्यास ती समांतर जोडणी होय. इंधनाच्या बाष्पित्राशी तुलना करताना विजेचा दर भागिले इंधनातील तेवढ्याच ऊर्जेचा दर, हा भागाकार काढून त्यास बाष्पित्राच्या कार्यक्षमतेने गुणतात. पंपाचा गुणांक या संख्येहून मोठा असेपर्यंतच पंप चालविणे स्वस्त पडते.

पुण्यातील परिस्थिती : पुण्यात डिसेंबर व जानेवारीत किमान तापमान सरासरीने सु. ११°–१२° से. असते, कमाल मात्र सु. ३०° से. पर्यंत जाते. शहरात नोंदलेले नीचांकी तापमान १.७° से. (१७ जानेवारी १९३५) हे आहे. म्हणजे पंप निरुपयोगी ठरेल अशी थंडी येथे पडत नाही. येथील जुने साधन म्हणजे तांब्याचा बंब. त्याची जागा विजेच्या व वायूच्या गीझरांनी घेतली आणि पुढे अनेक इमारतींच्या गच्च्यांवर सौर जलतापक आले. सौर संचाला पावसाळ्यासाठी विजेचे वेटोळे (कॉइल) जोडलेले असते. पंप जोडावयाचा तो या वेटोळ्याचे काम हलके करण्यासाठी.

सूर्य व पंप यांची जोडी येथे विशेष जमते, याचे कारण पावसाळ्यात आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आकाश दिवसेंदिवस झाकलेले असते व सौर संच जवळजवळ निष्क्रिय होतो. पण त्याच दिवसांत हवा २२°–२८° से. इतकी उबदार व अतिशय दमट असते. पंपाच्या थंड नळ्यांवर या हवेतील बाष्पाचे दव जमते आणि दवाबरोबर बाष्पाची सुप्त उष्णताही पंपाला मिळते. जोडीदार दुर्बळ होतो त्या वेळीच पंप सर्वांत समर्थ असतो. यूरोपातील अनुभवाच्या हे नेमके उलट आहे. उरतो तो हिवाळा, परंतु तेव्हा आकाश निरभ्र असल्याने सूर्य बराच भार उचलतो.

वेळेचा विचारही महत्त्वाचा आहे. जानेवारीतील पहाटे ११° से. च्या हवेत पंप चालविण्यापेक्षा आदल्या दिवशी उबदार हवेत चालवून पाणी उष्णतारोधक टाकीत साठविणे फायद्याचे असते. दोन्ही वेळच्या गुणांकांत दीडपटीच्या जवळपास फरक पडू शकतो. मात्र दुपारीच पंप लावला, तर सौर पट्ट्यांना टाकीत आधीच तापलेले पाणी मिळते व त्यांचे उत्पन्न घटते. म्हणून ऊन उतरल्यावर, हवा निवण्यापूर्वी, म्हणजे सायंकाळी पाचच्या सुमारास पंप सुरू करणे श्रेयस्कर होय. पावसाळ्यात हे बंधन पाळण्याचे कारण नाही.

एका उदाहरणावरून प्रमाणाची कल्पना येईल. चाळीस सदनिकांच्या इमारतीत प्रत्येकी १५० लि. पाणी २०° वरून ५०° से. पर्यंत तापवावयाचे असल्यास रोज सु. २१० युनिट (किवॉ.-तास) उष्णता लागते. वेटोळ्याने ती दिल्यास तेवढीच वीज खर्च होते, ३.५ गुणांकाच्या पंपाला ६० युनिट पुरतात. शिवाय २ किवॉ. चे चाळीस गीझर सकाळी एकदम लागले, तर भार ८० किवॉ. होतो. तेच काम आठ तासांत विभागून करणारा, सु. २६ किवॉ. उष्णता देणारा पंप ७–८ किवॉ. विजेवर चालतो.

विसण आणि टाकी : बंबातील पाणी कढत करावयाचे व घंगाळात विसण घालून ते सोसवेल असे करावयाचे, ही जुनी रीत. टाकी लहान असल्याने गीझरच्या बाबतीतही तीच चालू राहिली. बंबाला किंवा वेटोळ्याला पाणी किती कढत आहे याने फारसा फरक पडत नाही, पंपाला पडतो. ४०° से. चे ३० लि. पाणी हवे असेल, तर ६०° से. चे १५ लि. किंवा ४५° से. चे २४ लि. साठवून उरलेले विसण घालता येते. उष्णता दोन्ही वेळी सारखीच. पण दुसऱ्या प्रकारात पंपाचा चढ १५ अंशांनी कमी होतो व गुणांक सु. एक-तृतीयांशाने वाढतो. त्याची किंमत मोठ्या टाकीच्या रूपाने द्यावी लागते. पंप घेऊन टाकी जुनीच ठेवणे आणि कमी पडते म्हणून पाणी कढत करणे ही काटकसर उलट महागात पडते. गच्चीवर आधीच सौर पट्ट्या, पाण्याच्या टाक्या व अलीकडे वीज देणारी सौर पटले यांची दाटी असते, ही अडचण मात्र खरी आहे.

कोमट पाण्याला एक मर्यादा आहे. सु. २५° ते ४५° से. या तापमानात लेजिओनेला हे फुप्फुसाचा विकार उत्पन्न करणारे जंतू वाढतात, ६०° से. ला ते लवकर मरतात. म्हणून सामाईक टाकी ५०° से. ला ठेवून आठवड्यातून एकदा ती वेटोळ्याने ६०° से. च्या वर नेतात. जुन्या साधनाला हे काम उत्तम जमते. मात्र ते रोज करू नये : विंधन विहिरीच्या जड पाण्यातील क्षार वाढत्या तापमानाबरोबर जलद साचतात व त्यांचा थर संघनकावर बसल्यास गुणांक घटतो.

जोडणीतील दोष : पंप चांगला असूनही वीज वाचत नाही, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा दोष बहुधा जोडणीत सापडतो. सर्वांत सामान्य दोष तापनियंत्रकाचा होय. एकाच टाकीत पंप ४५° से. खाली सुरू होणारा व वेटोळे ५५° से. खाली सुरू होणारे असेल, तर टाकी ४५ पर्यंत उतरतच नाही. वेटोळे सगळे काम करते आणि पंप निमूट उभा राहतो. वेटोळ्याचा अंक पंपाच्या अंकाखाली असावा अथवा ते घड्याळाने वा हाताने चालू करण्याचे असावे. दुसरा दोष क्रमाचा. थंड पाणी प्रथम पंपाकडे व तापलेले पाणी नंतर बाष्पित्राकडे गेले पाहिजे; उलट केल्यास पंपाला आधीच तापलेले पाणी मिळून त्याचा चढ वाढतो. टाकीत तळाशी थंड व वर उष्ण असे जे थर आपोआप राहतात, ते जोरदार प्रवाहाने ढवळले जाऊ नयेत. पंपाला पाणी तळातून द्यावे.

तिसरा दोष स्नानगृहातील मिश्रण-तोटीतून उद्भवतो. थंड व उष्ण नळांतील दाब वेगळे असले आणि एकदिश झडपा नसल्या, तर एखाद्या सदनिकेतील तोटीतून थंड पाणी उष्ण नळात शिरते व संपूर्ण इमारतीचे पाणी कोमट होते. दोष एका घरी आणि तक्रार दुसऱ्या घरी, असे असल्याने तो शोधण्यास फार वेळ लागतो. नळ लांब असल्यास पहिली बादली थंड येते. ती टाळण्यासाठी पाणी सतत फिरते ठेवल्यास उघड्या नळांतून उष्णता जाते. नळांना उष्णतारोधक वेष्टन घालणे हा त्यावरील स्वस्त उपाय होय.

सदनिकेतील गीझर काढण्याची गरज नसते. त्याच्या प्रवेश-नळाला सामाईक उष्ण पाणी दिले, तर पाणी पुरेसे उष्ण असताना तो पेटत नाही व कमी पडल्यास तेवढीच भर घालतो. मात्र प्रवेश-नळ उष्ण पाणी सहन करणारा असावा व गीझरची दाबमोचक झडप चालू स्थितीत असावी.

खर्चाची वाटणी : संयुक्त संचाबाबत सहकारी संस्थांमध्ये तंत्रापेक्षा हिशेबाचा पेच मोठा असतो. गीझरची वीज ज्याच्या त्याच्या बिलात येते, पंपाची वीज संस्थेच्या सामाईक मीटरवर. पंप बसविताच सदनिकांची बिले उतरतात व संस्थेचे बिल चढते. एकूण खर्च कमी झाला असला, तरी वार्षिक सभेत पुढे येतो तो चढलेला आकडा. मासिक वर्गणी सर्वांना समान असल्यास दोन माणसांचे कुटुंब सहा माणसांच्या स्नानाचा भार उचलते. प्रत्येक सदनिकेच्या उष्ण नळावर जलमापक बसवून वापराप्रमाणे आकारणी केल्यास हा वाद बराच मिटतो. परंतु जुन्या इमारतींत एका सदनिकेत दोन-तीन उभे नळ उतरत असल्याने मापकांची संख्या व खर्च वाढतो. अशा ठिकाणी माणशी आकारणी हा मधला मार्ग सोयीचा असतो.

प्रशीतक व जागा : पूर्वी वापरात असलेले आर-२२ हे प्रशीतक ओझोन थरास अपायकारक असल्याने माँट्रिऑल करारानुसार (१९८७) मागे पडले. त्यानंतरची आर-१३४ ए, आर-४१० ए ही प्रशीतके ओझोनला अपाय करीत नाहीत. परंतु ती हवेत सुटल्यास तापमानवाढीस मोठा हातभार लावतात व किगाली दुरुस्तीनुसार (२०१६) त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने घटवावयाचा आहे. भारताने ही दुरुस्ती २०२१ मध्ये स्वीकारली. प्रोपेन व कार्बन डाय-ऑक्साइड हे पर्याय आहेत. जपानमध्ये २००१ पासून घरगुती वापरात आलेले कार्बन डाय-ऑक्साइडचे पंप ९०° से. पर्यंत पाणी तापवू शकतात, पण त्यांना आत येणारे पाणी थंडच लागते. त्यामुळे कोमट पाणी फिरते ठेवणाऱ्या संचाला ते जोडता येत नाहीत. प्रोपेन ज्वलनशील असल्याने तो पंप मोकळ्या हवेत ठेवावा लागतो. पंपातून बाहेर पडणारी थंड हवा पुन्हा त्याच्याच तोंडी येऊ नये म्हणून भिंतीपासून पुरेसे अंतर सोडतात. शेवटच्या मजल्यावरील शयनगृहाच्या डोक्यावर पंप बसविल्यास त्याची घरघर रात्री खाली ऐकू येते. रबरी बैठकीने ती बरीच कमी होते, तथापि जिन्याच्या छतावरील जागा अधिक चांगली.