माहितीची वाट आणि पाकिटाचे माप

केंद्र शासनाने २०११ साली ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. परंतु तार दारी पोहोचली म्हणजे कार्यभाग साधला असे नव्हे. लहान निरोप सुरळीत जातो. दाखल्यांची मोठी फाईल मात्र अर्ध्यावर अडते. अशा वेळी दोष तारेत शोधला जातो. प्रत्यक्षात तो मापातही असू शकतो.

वेष्टनाची जागा

संगणक माहितीची लहान पाकिटे करून ती पाठवितो. इथरनेटच्या १९८० सालच्या मानकाने एका फ्रेममधील मजकुराची कमाल मर्यादा १५०० बाइट ठरविली. दूरची दोन कार्यालये जोडणाऱ्या टनेलमध्ये मूळ पाकीट दुसऱ्या पाकिटात घातले जाते. या वेष्टनास जीआरई पद्धतीत २४, तर व्हीएक्सलॅनमध्ये सर्वसाधारणपणे ५० बाइट लागतात. बाहेरील वाट १५०० बाइटांचीच असेल, तर आतील पाकिटास अनुक्रमे १४७६ व १४५० बाइटच उरतात.

मूक अडथळा

पाकीट मोठे ठरल्यास राउटरने ते टाकून देऊन प्रेषकास सूचना द्यावी, अशी पद्धत १९९० सालापासून रूढ आहे. सुरक्षेच्या नावाखाली ही सूचनाच अडविली गेली, तर प्रेषक तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवीत राहतो. स्विच तर अशी सूचना देतही नाही; त्याच्या पोर्टच्या मर्यादेपेक्षा मोठी फ्रेम तेथेच नाहीशी होते.

उपाय

वाटेवरील प्रत्येक पोर्टची मर्यादा प्रथम लिहून काढावी. काही यंत्रे या मापात शीर्षाचे बाइट धरतात, काही धरीत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर दोन मार्ग उरतात: बाहेरील सर्व पोर्टची मर्यादा वाढवावी, अथवा टनेलमधील माप कमी करावे. मर्यादा वाढविताना आधी मधली यंत्रे, मग टनेल व शेवटी संगणक, हा क्रम पाळावा. केवळ एक टोक बदलल्यास अडचण वाढते. राउटरच्या सूचना अडवू नयेत. अखेरीस पाकिटाचे तुकडे न करण्याची अट घालून पिंग चाचणी घ्यावी. १४७२ बाइटांचा मजकूर आणि २८ बाइटांची शीर्षे मिळून १५०० बाइट होतात. ही चाचणी दोन्ही दिशांनी यशस्वी झाली, तरच १५०० बाइटांची वाट मोकळी आहे असे समजावे.