मुद्रणयंत्राची स्मृती

कचेरीतील लेखनिक संगणकावर पत्र तयार करतो, आज्ञा देतो आणि काही क्षणांत लेझर प्रिंटरमधून छापील कागद बाहेर येतो. परंतु एखाद्या दिवशी, आणि तोही नेमका घाईचा, मोठा नकाशा अर्ध्यावरच तुटतो व उरलेला भाग दुसऱ्या कागदावर उतरतो. यंत्र बिघडले असे ठरवून नव्या यंत्राची मागणी लिहिली जाते. पुष्कळदा यंत्र निर्दोष असते. अपुरी पडलेली असते ती त्याची स्मृती.

छापणाऱ्या यंत्राला स्मृती हवी तरी कशाला? शाई फवारणारा प्रिंटर पट्ट्यामागून पट्टा छापतो आणि पुढील मजकुराची वाट पाहत थांबू शकतो. लेझर प्रिंटरला ही मुभा नाही. त्यातील दंडगोल एकदा फिरू लागला, की पान पुरे होईपर्यंत तो एकाच गतीने फिरतो. प्रकाशकिरण ज्या जागी येईल तेथे काळा ठिपका द्यावयाचा की जागा कोरी सोडावयाची, हे आधीच ठरलेले असावे लागते. म्हणून संपूर्ण पान, निदान त्याचा पुढचा भाग, स्मृतीत आधी रचून ठेवावा लागतो.

आता हिशेब पाहू. इंचाला ३०० ठिपके धरले, तर ए-फोर आकाराच्या पानावर सुमारे ८७ लाख ठिपके बसतात. प्रत्येक ठिपक्यास एक बिट व आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे पानास सुमारे ११ लाख बाइट लागले. इंचाला ६०० ठिपके केले, की उभे व आडवे दोन्हीकडे दुप्पट होऊन गरज चौपट होते. चार रंगांची छपाई ती पुन्हा चौपट करते. १९८४ साली आलेल्या ह्यूलेट-पॅकार्डच्या पहिल्या लेझरजेटमध्ये केवळ १२८ किलोबाइट स्मृती होती. अक्षरांचे साचे यंत्रातच असल्यामुळे पत्रे सुबक निघत; पानभर चित्र मात्र इंचाला ७५ ठिपक्यांपुरतेच जाड्याभरड्या रूपात उमटे. १९८५ च्या ॲपल लेझररायटरला दीड मेगाबाइट स्मृती मिळाली, तेव्हा पूर्ण पानाचे चित्र सूक्ष्मपणे छापता येऊ लागले.

या स्मृतीत वाटेकरी अनेक असतात. यंत्राचा स्वतःचा कार्यक्रम, संगणकाकडून येऊन थांबलेला मजकूर, बाहेरून उतरविलेले अक्षरसाचे आणि प्रत्यक्ष रचले जाणारे पान, हे सारे तिच्यावर हक्क सांगतात. रोमन अक्षरांचे साचे बहुधा यंत्रातच असतात. देवनागरीचे साचे किंवा चित्रे मात्र बहुतेक वेळा संगणकाकडून पाठवावी लागतात. साहजिकच इंग्रजी पत्रापेक्षा मराठी पत्राचा भार अधिक पडू शकतो. कित्येक यंत्रांत पानासाठी किंवा साच्यांसाठी किती जागा राखावी, हे ठरविण्याची सोय असते. साच्यांना सढळ हाताने दिले, तर पानाला उणे पडते.

म्हणून पान तुटले, तर प्रथम यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. तात्पुरते उतरविलेले साचे त्याने पुसले जातात. मग ठिपक्यांची घनता ६०० वरून ३०० वर आणावी. तेवढ्याने गरज चौथ्या हिश्शावर येते. त्यानंतर वाटणी तपासावी. एवढे करूनही पान तुटत राहिले, तर यंत्रात स्मृती वाढविता येते का ते पाहावे. नव्या यंत्राच्या मागणीवर सही करण्याची वेळ त्यानंतरची.