फॉर्म भरणारीचा फॉर्म कोण भरतं?

लेखांक ६

मॅमोग्राफीच्या यंत्राबद्दल गेल्या आठवड्यात वाचलंत. आज बिनयंत्राची, स्वतःच्या हातांनी करायची स्तनांची तपासणी. तीही ज्या बायका इतरांना शिकवतात, त्या स्वतः करतात का, एवढ्यापुरती.

आशाताई आपल्या भागातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या जोखमीची प्रश्नावली, भरतात. त्यात बायकांना विचारायचे प्रश्न असतात: स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात फरक पडलाय का. ताई स्वतःही बहुधा तिशी ओलांडलेल्याच असतात. त्यांना हे कोण विचारतं?

परिचारिका, डॉक्टर, वैद्यकीय विद्यार्थिनी यांच्या पाहण्या अनेक देशांत झाल्या आहेत. बहुतेक ठिकाणी चित्र तेच. माहिती बहुतेकींना असते, दर महिन्याला तपासणाऱ्या मात्र फार कमी. कारणं विचारली की उत्तरं येतात: विसरले, वेळ मिळत नाही, आमच्या घरात कुणालाच कर्करोग नाही. आणखी एक कारण हळू आवाजात सांगितलं जातं: सापडलंच काही तर? याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. उशिरा आलेले रुग्ण वॉर्डात रोज पाहणाऱ्या सिस्टरची भीती आपल्यापेक्षा जास्तच असणार.

शिवाय पेपरात उत्तर लिहिता येणं वेगळं आणि बोटांना सवय असणं वेगळं. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांची टोकं नव्हे, पेरांचा मऊ भाग वापरायचा. छोटी वर्तुळं काढत, आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत, वरून खाली आणि खालून वर अशा पट्ट्यांनी सगळा भाग चाचपायचा. गळपट्टीच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत, आणि काखही सोडायची नाही, कारण काखेकडच्या वरच्या भागातच सर्वाधिक कर्करोग आढळतात. पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी स्तन मऊ असतात, तेव्हा हे सोपं जातं. पाळी थांबलेल्यांनी महिन्याची कुठलीही एक तारीख धरावी. सुरुवातीच्या गाठी बहुधा दुखत नाहीत, त्यामुळे ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ हे वाक्य फार महागात पडतं.

आता अवघड भाग. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार कामगार बायकांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या जणींना सिलिकॉनचे नमुने देऊन स्वतःची तपासणी नीट शिकवली गेली. २००२ मध्ये निकाल आला: स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू शिकवलेल्या गटात १३५, दुसऱ्या गटात १३१. मृत्यू घटले नाहीत. निरुपद्रवी गाठींसाठी बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणूनच अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आधी ही तपासणी ऐच्छिक ठरवली आणि २०१५ मध्ये तिची शिफारसच सोडली.

मग सिस्टरांनी उगाच अपराधी का वाटून घ्यावं? दर महिन्याचं व्रत मोडल्याबद्दल तर मुळीच नाही. पण शांघायमधल्या दुसऱ्या गटातल्या बायकाही गाठ हाताला लागली की दवाखान्यात जातच होत्या. आपल्याकडे अडतं ते नेमकं तिथेच: गाठ कळूनही महिनोन्‌महिने थांबणं. स्वतःचे स्तन एरवी कसे असतात हे ठाऊक असेल, तर फरक लवकर जाणवतो.

मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमध्ये दुसरा मार्ग तपासला. दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन, दर दोन वर्षांनी त्यांच्या हातांनी इतर बायकांची तपासणी. दीड लाखाहून जास्त बायका यात होत्या. २०२१ मधल्या निकालात रोग अधिक लवकरच्या टप्प्यात सापडल्याचं दिसलं. पन्नाशीपुढच्यांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही.

म्हणजे शिकलेल्या हातांची किंमत आहेच, आणि ते हात आपल्या आरोग्य केंद्रांत आहेत. आशाताईंची मासिक बैठक तिथे होतेच. त्या दिवशी पडद्याआड एएनएमने (सहायक परिचारिकेने) त्यांचीच तपासणी आधी करावी, त्यांचे फॉर्म तिथेच भरावेत. एएनएमची तपासणी डॉक्टरबाईंनी करावी.

पुढच्या आठवड्यात: गाठ लागल्यावर सोनोग्राफी आणि सुईची बायोप्सी.