पोच मिळेपर्यंत

दोन यंत्रं तारेनं जोडली की ती एकमेकांशी बोलू लागतात, असं आपल्याला वाटतं. पण तार म्हणजे नुसता रस्ता. कोणी कधी बोलायचं, निरोप कुठं सुरू झाला नि कुठं संपला, वाटेत बिघडला तर काय करायचं, हे तार सांगत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांनी एकच नियमावली पाळावी लागते. ‘आय. बी. एम.’ या अमेरिकन कंपनीनं १९७० नंतरच्या दशकात अशी एक नियमावली बनवली. तिच्यातूनच पुढं ‘एच. डी. एल. सी.’ ही आंतरराष्ट्रीय पद्धत निघाली. तिचेच नियम पाहू.

पहिला नियम, पाळीपाळीनं बोलण्याचा. एका तारेवर एक मुख्य केंद्र नि अनेक दुय्यम केंद्रं असली, तर मुख्य केंद्र ज्याला विचारील त्यानंच उत्तर द्यायचं. सगळा वर्ग एकदम ओरडला तर मास्तरांना काय कळणार?

दुसरा नियम हद्दीचा. यंत्राची भाषा शून्य नि एक या दोनच आकड्यांची. निरोपाच्या आधी नि नंतर ०११११११० ही खूण असते; तिच्यात सहा वेळा एक. हीच खूण मजकुरात आली तर घोटाळा होईल. म्हणून मजकुरात लागोपाठ पाच वेळा एक आला, की पाठवणारा पदरचं एक शून्य घालतो आणि घेणारा ते काढून टाकतो.

तिसरा नियम ताळ्याचा. निरोपाच्या शेवटी गणितानं काढलेला ताळा जोडतात. घेणारा तोच हिशेब पुन्हा करतो. ताळा जुळला नाही, तर निरोप टाकून देतो.

चौथा नियम पोचेचा, आणि खरी गोम इथंच आहे. ठराविक वेळात पोच आली नाही तर निरोप पुन्हा पाठवायचा. पण निरोप पोचला नि पोचच वाटेत हरवली तर? ‘खात्यावर ५०० रुपये जमा करा’ हा निरोप दोनदा धरला, तर ५०० चे १००० व्हायचे! म्हणून निरोपांना ० ते ७ असे क्रमांक देतात. घेणारा ‘आता अमुक क्रमांक हवा’ असं कळवतो. जुनाच क्रमांक पुन्हा आला, तर तो बाजूला सारतो.

क्रमांक आठ, पण पोचेवाचून एका वेळी सातच निरोप पाठवता येतात. असं का? समजा आठही पाठवले, सगळे पोचले, पण पोच हरवली. पाठवणारा जुना शून्य क्रमांक पुन्हा पाठवील. घेणारा तर पुढच्या फेरीच्या शून्याचीच वाट पाहतोय. जुना निरोप नवा म्हणून घेतला जाईल. सातच पाठवले, तर घेणाऱ्याला सात क्रमांक हवा असतो. शून्य आला, की तो जुना हे त्याला लगेच कळतं.

ही राखण मात्र शेजारच्या दोन केंद्रांपुरतीच. अनेक टप्पे ओलांडून जाणाऱ्या निरोपाला वरचे आणखी नियम लागतात.

शिक्षकांनी वर्गात दोन मुलं समोरासमोर बसवावीत, ० ते ७ आकड्यांच्या चिठ्ठ्या द्याव्यात नि मधल्या मुलाला एखादी पोच लपवायला सांगावी. आधी आठ चिठ्ठ्या पाठवून पाहा, मग सात. फरक मुलंच सांगतील.