फुकटची हवा, विकतची वीज



रावेरहून सावद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर केळीचे ट्रक सारखे ये-जा करीत असतात. अशा रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात तुम्ही कधी क्षणभर थांबला आहात काय? ट्यूबला भोक कोठे पडले, हे दुकानदार कसे शोधतो? हवा भरलेली ट्यूब तो पाण्याच्या घमेल्यात बुडवतो. बुडबुडे निघतील तेथे भोक!

आता तेथील कॉम्प्रेसरकडे पाहा. कोणत्याही चाकात हवा भरणे चालू नसताना तो मधूनच धडधडू लागला, तर काय समजावे? टाकीतील किंवा नळीतील हवा कोठून तरी गळते आहे. पण तिकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. हवा काय, फुकटच!

हवा फुकट खरी, पण दाबलेली हवा फुकट नाही. सायकलच्या पंपाने हवा भरून पंपाच्या टोकाला हात लावा. ते गरम लागते. तुम्ही केलेल्या कार्याचा मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो. कॉम्प्रेसरमध्येही हेच घडते. दहा युनिट वीज खर्च करावी, तेव्हा दाबलेल्या हवेकडून जेमतेम एक-दीड युनिटाइतके उपयोगी काम मिळते. म्हणून ही हवा विजेपेक्षाही महाग!

कारखान्यांत ती पदोपदी लागते. जळगाव डाळीसाठी प्रसिद्ध आहे. रंगावरून डाळ निवडणाऱ्या यंत्रात दाण्यांची धार खाली पडत असते. कॅमेरा काळपट दाणा हेरतो आणि त्याच क्षणी हवेचा बारीक झोत त्याला बाजूला उडवतो. या झोतांसाठी कॉम्प्रेसर सतत चालू ठेवावा लागतो.

आता थोडे गणित करू या. नळीतील दाब चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम, म्हणजे ट्रकवाल्यांच्या भाषेत सुमारे १०० पौंड आहे. नळीला ३ मिलिमीटर व्यासाचे भोक पडले, तर तेथून गळणाऱ्या हवेपायी सुमारे ३ किलोवॅट वीज वाया जाते. एक पंखा ७५ वॅटचा धरला, तर हे ४० पंखे झाले! रिकाम्या वर्गांत ४० पंखे रात्रंदिवस फिरत ठेवण्यासारखेच हे आहे. दिवसाला ७२ युनिट! भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जाळून वीज तयार होते. तशी ७२ युनिट वीज करायला सुमारे ४५ ते ५० किलो कोळसा लागतो.

भोक ६ मिलिमीटरचे असेल तर? ८० पंखे नव्हेत, १६०! व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते.

मग उपाय काय? अगदी साधे. यंत्रे बंद असताना सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे चोर दाखवून देतात. दाब गरजेपुरताच ठेवावा. तो १ किलोने कमी केला, तर ६ ते ७ टक्के वीज वाचते. कॉम्प्रेसरला थंड जागची हवा द्यावी. आत जाणारी हवा ४ अंशांनी तापली की विजेचा खर्च सुमारे १ टक्क्याने वाढतो. मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या खानदेशात हे विसरून कसे चालेल?

एक प्रयोग करा. दुकानदाराची परवानगी घ्या. कोणीही हवा घेत नसताना कॉम्प्रेसर किती वेळ चालतो आणि किती वेळ थांबतो, हे घड्याळ लावून मोजा. समजा, तो २ मिनिटे चालला आणि ६ मिनिटे थांबला. एकूण ८ मिनिटांपैकी २ मिनिटे, म्हणजे त्याच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा केवळ गळतीत जाते! मात्र हवेचा झोत गमतीनेसुद्धा कोणाच्या अंगावर, डोळ्यांवर किंवा कानांवर सोडू नका. त्याने गंभीर इजा होऊ शकते.

मोजमाप झाल्यावर तो आकडा दुकानदाराला जरूर दाखवा. भोक शोधायला घमेले आणि पाणी त्याच्याजवळ आहेच. साबण तेवढा तुम्ही न्या!