वारुळावरची अळंबी : ओळख पटल्याशिवाय चुलीवर नको



श्रावणात एखादा दमदार पाऊस पडून जावा, वर दोन दिवस उकाडा धरावा, की माळावर, बांधावर, वारुळाजवळ पांढऱ्या छत्र्या डोके वर काढतात. कोकणात अळंबीचे नवल नाही. आपल्या माण-खटाव, आटपाडी, सांगोला अशा कमी पावसाच्या मुलखात मात्र ती वर्षातून मोजके दिवस दिसते आणि पावसाने ओढ दिली तर दिसतही नाही. दिसली की सोडवत नाही, कारण चवीला ती मटणाच्या तोडीची. पण जे क्वचित भेटते त्याची ओळखही पुसट होते. खरा धोका इथेच आहे.

काही वर्षांपूर्वी मी माणदेशात विस्ताराच्या कामावर होतो. दोन दुष्काळी वर्षांनंतर पाऊस चांगला झाला होता. एका वस्तीवर उकिरड्याच्या कडेला ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. घरच्या आजींनी भाजीत चांदीचा जुना रुपया टाकून पाहिला. रुपया काळा पडला नाही, म्हणून सगळ्यांनी पोटभर खाल्ले. दोन तासांत चौघांना उलट्या-जुलाब सुरू झाले. ट्रॅक्टरमध्ये घालून त्यांना दवाखान्यात नेले, सलाईन लावले आणि तिसऱ्या दिवशी सगळे सुखरूप घरी आले. मी भेटायला गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, "सायेब, रुपया तर पांढराच राहिला हुता. मग इख आलं कुठनं?"

आजींचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर प्रत्येक घरात माहीत असावे.

रुपयाला विष कळत नाही

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. अळंबीच्या विषाचा आणि चांदीचा काही संबंध नाही. लसूण किंवा तांदूळ टाकून रंग पाहणे हेही तसेच फसवे. किड्यांनी खाल्लेली अळंबी चांगली, हा समजही खोटा. माणसाला मारणारी अळंबी किडे खुशाल खातात. काही जहाल विषे उकळून किंवा वाळवूनही जात नाहीत. थोडक्यात, विष ओळखण्याची कोणतीही परीक्षा घरात होत नाही. अळंबीची जातच ओळखावी लागते.

वारुळावरची अळंबी कशी उगवते?

वाळवी वारुळाच्या पोटात एका बुरशीची शेतीच करते. पालापाचोळा, काडीकचरा आणून त्यावर मधाच्या पोळ्यासारखी रचना करते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. पावसाळ्यात जमीन मुरली की ही बुरशी लांब मुळासारखा देठ वर ढकलते आणि जमिनीवर छत्री उघडते. वाळवीशिवाय ही अळंबी येत नाही, म्हणून माणसाला अजून तिची लागवड साधलेली नाही. कधी वारूळ वर दिसत नाही, पण जमिनीखाली वाळवीचे घर असतेच.

काय पाहावे?

१) छत्रीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो.

२) देठ जमिनीत खोलवर मुळासारखा निमुळता होत जातो. खुरप्याने चार बोटे माती हलकेच सारून बुडखा पुरता पाहावा. वर वर तोडल्यास ही खूण हातची जाते.

३) बुडख्याला वाटीसारखे किंवा पिशवीसारखे आवरण असेल तर हात लावू नये. सर्वांत घातक अळंबीची ती खूण आहे आणि ती वारुळाशेजारीही उगवू शकते.

४) मोठी पांढरी छत्री, वर तपकिरी खवले, देठाला कडे आणि खालच्या पापुद्र्यांवर हिरवट झाक, अशी अळंबी विषारी. गवतात किंवा खताच्या जागी ती हमखास दिसते. कोवळेपणी पापुद्रे पांढरेच असतात, त्यामुळे घात होतो. आजींच्या उकिरड्यावरची हीच होती.

खुणा वाचून एकट्याने धाडस करू नये. ती अळंबी वर्षानुवर्षे खाणाऱ्या गावातल्या जाणत्या माणसाने प्रत्येक छत्री हातात घेऊन पाहिली पाहिजे. एकीबद्दल जरी शंका आली तरी सगळी टोपली टाकून द्यावी. कळ्या, फार जून झालेल्या आणि औषध फवारलेल्या शेतातल्या छत्र्या घेऊ नयेत. वारुळाच्या भोकात हात घालू नये, तिथे साप असतो. आणि खालचे पोळे खणू नये. ते राहिले तरच पुढच्या पावसाळ्यात अळंबी येईल.

खाल्ल्यावर त्रास झाला तर

उलटी-जुलाब सुरू होताच १०८ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. उरलेली अळंबी, भाजी आणि टाकलेले देठ सोबत न्यावेत. ज्यांनी ज्यांनी खाल्ले त्या सगळ्यांना न्यावे, त्रास असो वा नसो.

एक गोष्ट काळजात कोरून ठेवा. दोन तासांत उलटी झाली तर माणूस सावध होतो. जहाल विषाचा त्रास मात्र सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो. मग एखादा दिवस बरे वाटते, घरचे निर्धास्त होतात आणि आतून यकृत निकामी होत जाते. म्हणून उशिरा सुरू झालेला त्रास जास्त घातक समजावा आणि बरे वाटले तरी दवाखाना सोडू नये.

ज्यांना अळंबीची गोडी आहे, त्यांनी गव्हाच्या किंवा सोयाबीनच्या काडावर धिंगरी अळंबी घरीच पिकवावी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबी संशोधनाचे केंद्र आहे. खात्रीचे बियाणे घेतले तर भीतीचे कारण उरत नाही.

पुढच्या श्रावणात मी त्या वस्तीवर पुन्हा गेलो. आजी नातीला वारुळाजवळ बसवून बुडखा कसा पाहायचा ते दाखवत होत्या. मी रुपयाची आठवण काढली. आजी हसून म्हणाल्या, "त्यो आता देव्हाऱ्यात ठेवलाय, सायेब. कालवनात टाकत न्हाई."