दुसऱ्या माणसाची जागा (आकाशवाटा : लेखांक ६)

मागच्या लेखांकात आपण आँरी फारमनला पॅरिसजवळच्या इसी-ले-मुलिनोच्या मैदानावर सोडले होते. १३ जानेवारी १९०८ रोजी व्हॉयझँ बंधूंनी बांधलेल्या द्विपंखी विमानातून त्याने एक किलोमीटरचा फेरा पूर्ण केला आणि ५०,००० फ्रँकचे बक्षीस जिंकले. विमानात तो एकटाच होता.

विमानांच्या इतिहासात वेगाचे आणि उंचीचे उच्चांक नेहमी सांगितले जातात. प्रवासी विमानाचा जन्म मात्र एका साध्या अडचणीतून झाला: दुसरा माणूस बसवायचा कुठे? वैमानिकापुरता तोल साधलेल्या हलक्या विमानात साठ-सत्तर किलो वजन वाढले, की ते नाक तरी खाली घालते, नाहीतर शेपूट तरी टेकवते. बरे, उतारू उतरला की तोल पुन्हा बदलणार. म्हणजे अशी जागा शोधायला हवी, की जिथे माणूस बसला काय किंवा न बसला काय, विमानाला फारसा फरक पडू नये.

ती जागा फारमनच्या १९०९ च्या विमानात मिळाली. हे विमान त्याने स्वतःच्या आराखड्यावर बांधले. इंजिन आणि प्रोपेलर मागे होते, त्यामुळे प्रोपेलर विमानाला ओढण्याऐवजी ढकलत असे. वैमानिक खालच्या पंखाच्या पुढच्या कडेवर बसायचा, पाय पुढे उघड्यावर. तो आणि इंजिन यांच्यामधली जागा नेमकी गुरुत्वमध्याजवळ येत होती. उतारूला तिथे बसवले. आसन वैमानिकाच्या मागे, थोडे उंचावर. पाय त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे सोडायचे आणि हाताला सापडेल तो लाकडी खांब घट्ट धरायचा. ना भिंत, ना छप्पर, ना पट्टा. पाठीमागे हातभर अंतरावर नोम कंपनीचे ५० अश्वशक्तीचे इंजिन. त्याचे सिलिंडरसुद्धा प्रोपेलरबरोबर गरगर फिरत. त्यात वंगण म्हणून आपले एरंडेल घालत, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. जळक्या एरंडेलाचा वास त्या काळच्या प्रत्येक विमानतळावर भरून राहिलेला असे. ऑगस्ट १९०९ मध्ये रीम्सच्या मेळाव्यात फारमनने तीन तासांहून अधिक वेळ उडून १८० किलोमीटर कापले, तेही जमिनीपासून काही मीटरवरूनच. आमच्या चेन्नईतल्या अण्णा नगरच्या टॉवर पार्कमधला मनोरा त्याहून कितीतरी उंच आहे. याच मेळाव्यात दोन उतारू घेऊन उडण्याचे बक्षीसही त्यानेच मिळवले.

हे लोण भारतात यायला वर्षही लागले नाही. मद्रासच्या माउंट रोडवर हॉटेल चालवणारा जाकोमो दांजेलिस हा मूळचा फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरचा. घोडागाड्या आणि मोटारींचे सांगाडे बांधणाऱ्या सिम्पसन कंपनीकडून त्याने एक द्विपंखी विमान बांधून घेतले आणि मार्च १९१० मध्ये पल्लावरमला उडवून पाहिले. अण्णा नगरहून मेट्रोने निघून आलंदूरला गाडी बदलून विमानतळावर उतरले, की पल्लावरम तिथून पुढचेच. चेन्नईची विमाने आजही त्याच परिसरात उतरतात.

मराठी वाचकाला अधिक जवळची घटना मात्र औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची. ब्रिस्टलच्या कंपनीने फारमनच्या विमानाची जवळजवळ हुबेहूब नक्कल करून ‘बॉक्सकाइट’ नावाचे विमान काढले होते. ते विकत घेतले जावे म्हणून कंपनीने आँरी ज्यूलरो या फ्रेंच वैमानिकाला विमानांसह भारतात पाठवले. कलकत्त्यात प्रयोग झाले आणि जानेवारी १९११ मध्ये ही मंडळी दख्खनच्या घोडदळाच्या सरावासाठी औरंगाबादला आली. ज्यूलरोच्या मागच्या आसनावर कॅप्टन सेफ्टन ब्रँकर हा तोफखान्याचा अधिकारी बसला. ‘शत्रू’च्या फौजा कुठे आहेत, हे वरून पाहून सांगणे हे त्याचे काम. हे उड्डाण मला फार मोलाचे वाटते. विमान चालवायचे नाही, नुसते बसायचे आणि पाहायचे, एवढ्यासाठी माणूस मराठवाड्याच्या आभाळात गेला होता! हाच ब्रँकर पुढे ब्रिटनच्या नागरी हवाई वाहतुकीचा संचालक झाला, आणि १९३० मध्ये भारताकडे निघालेल्या आर-१०१ या वायुनौकेच्या अपघातात गेला.

पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, आँरी पेके याने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीपर्यंत सुमारे ६,५०० पत्रे नेली. त्याचे विमानही रोझे सोमेर या फ्रेंच माणसाच्या आराखड्यावरचेच. पण ती कथा सर्वांना ठाऊक आहे.

मग महायुद्ध आले. १९१८ मध्ये फारमन कंपनीने ‘गोलायथ’ हा बॉम्बफेकी द्विपंखी आखला. हजार किलो बॉम्ब नेण्याची त्याची क्षमता होती, पण तो लढाईत उतरण्याआधीच युद्ध संपले. आता बॉम्बचे वजन कुठे ठेवतात ते पाहा: गुरुत्वमध्याच्या आसपास, म्हणजे ते टाकल्यावर तोल जात नाही. फारमनच्या उतारूची जागा ती हीच! बॉम्ब काढले, पोटात वेताच्या हलक्या खुर्च्या मांडल्या, बाजूंना खिडक्या बसवल्या, आणि बारा-चौदा प्रवाशांचे विमान तयार झाले. काही प्रवासी नाकाजवळच्या छोट्या खोलीत, बाकीचे मागच्या मोठ्या खोलीत. मधोमध, उंचावर, वैमानिक मात्र उघड्यावरच, पावसात भिजत. दहा वर्षांत उतारू आत गेला आणि चालक बाहेरच राहिला.

८ फेब्रुवारी १९१९ रोजी गोलायथने बारा जणांना पॅरिसजवळच्या तूस्यूहून लंडनजवळच्या केनलीला पोचवले. बिगरलष्करी उड्डाणांना तेव्हा परवानगी नव्हती. म्हणून प्रवासी निवडले ते माजी लष्करी वैमानिक, अंगावर गणवेश आणि हातात कामगिरीचे हुकूम! १९२० पासून पॅरिस-लंडन मार्गावर ही विमाने नियमित धावू लागली. ७ एप्रिल १९२२ रोजी पिकार्दीत, खराब हवेत, एक गोलायथ समोरून येणाऱ्या ब्रिटिश टपाल विमानावर आदळले आणि सात जण गेले. वाट चुकू नये म्हणून वैमानिक खालचा रस्ता पाहत उडत. दोघांनी एकच रस्ता धरला होता. त्यानंतर आकाशातही ठरावीक मार्ग आखण्याचा आणि बाजू धरून उडण्याचा नियम करावा लागला.

पुढच्या लेखांकात १९३२ ची कराची-मुंबई-मद्रास टपालसेवा, आणि टपालाच्या थैल्यांशेजारी प्रवाशाला जागा कशी मिळाली ते पाहू.